खाजणातल्या कांदळवनावर कार्बनचे पैसे : कुणाला खरंच मिळालेत का?

खारेपाट
नमस्कार मंडळी. रायगडात खाडीला लागून आमची सामाईक जमीन आहे, साधारण पाच एकर. आजोबांच्या वेळी खारबंदिस्ती होती, उघाडी (पाणी सोडायचं दार) होती, राता भात पिकायचं. पुढे बांधाला खांडी गेल्या. त्या कुणी बांधायच्या यावर भावकीत एक घोळ आणि सरकारदरबारी दुसरा. तोवर भरतीचं पाणी आत येत राहिलं. आता तिथे तिवर आणि कांदळ इतकं माजलंय की आत शिरलेला माणूस बाहेरून दिसत नाही. सातबाऱ्यावर मात्र अजून आमचीच नावं.

मध्यंतरी एक गृहस्थ टॅबलेट घेऊन घरी आले. म्हणाले, तुमच्या चिखलात सोनं आहे, हे कांदळवन हवेतला कार्बन शोषून जमिनीत गाडतं, परदेशी कंपन्या त्याचे क्रेडिट, म्हणजे तेवढा कार्बन साठवल्याची प्रमाणपत्रं, विकत घेतात, तुम्ही नुसतं संमतिपत्र द्या. धाकटा काका लगेच पेन शोधायला लागला. मी थांबवलंय. भात गेलं, मीठ गेलं, आता चिखलच विकायचा म्हणतात. हे खरंच असतं का? आणि असेल तर पाच एकरवाल्याच्या हाती काय पडतं? जाणकारांनी सांगावं.

पावसाळी_भजी
वाचतेय. वाचनखूण साठवली. आमचीही अशीच पाण्याखालची जमीन आहे, फक्त काकाने आधीच सही केली आहे. :(

चिखलशास्त्री
माझं संशोधन याच विषयावर होतं, त्यामुळे लांबण लागेल, आधीच सांगते.

सोनं वगैरे सोडा, पण कार्बन साठतो हे खरं आहे. आणि तो झाडापेक्षा चिखलात जास्त असतो. हिंद-प्रशांत पट्ट्यातल्या कांदळवनांची मोजदाद २०११ साली प्रसिद्ध झाली. त्यात हेक्टरी सरासरी १,०२३ टन कार्बन निघाला, आणि जागेनुसार त्यातला जवळपास निम्म्यापासून ९८ टक्क्यांपर्यंतचा भाग जमिनीखाली होता. कोकणातल्या बुटक्या तिवरांना हा आकडा जसाच्या तसा लावू नका. त्यात सुंदरबनासारखी दांडगी जंगलं आणि मीटरच्या मीटर खोल चिखल धरलेला आहे.

का साठतो? साध्या जंगलात पान पडलं की बुरशी, किडे, जीवाणू ते खाऊन टाकतात आणि कार्बन पुन्हा हवेत जातो. खाजणात वरच्या काही मिलिमीटरखाली प्राणवायूच नसतो. (तिवराची मुळं चिखलातून वर बोटं काढून उभी असतात ती म्हणूनच, श्वास घ्यायला.) प्राणवायू नाही म्हणून कुजणं अतिशय मंद. वरून रोज दोनदा भरती येते, नवा गाळ टाकून जाते, जुना आणखी खाली दबतो. खारात घालून दडपून ठेवलेलं लोणचं समजा. बरणी उघडली नाही तर शेकडो वर्षं टिकतं.

आता बरणी उघडण्याबद्दल. बांध घालून खाडीचं पाणी तोडलं, जमीन वाळवली, की त्या चिखलात हवा शिरते, साठलेला कार्बन जळायला लागतो आणि जमीन हळूहळू खचते. जुनी खार शेतं बाहेरच्या खाडीपेक्षा खोल दिसतात त्याचं हे एक कारण. म्हणून खांड गेली की पाणी इतक्या जोरात आत येतं. तुमच्या आजोबांच्या काळात जे सुटलं ते सुटलं. पण आता गाळ भरतोय, म्हणजे उलटा प्रवास चालू झालाय.

ठाणेकर_पूर्व
म्हणजे ऐरोलीच्या पुलावर ओहोटीला जो वास येतो, तो वातावरण वाचवण्याचा वास? बायकोला सांगितलं, काच खाली कर आणि देशसेवा कर. नाही म्हणाली.

चिखलशास्त्री
@ठाणेकर_पूर्व, ऐरोलीला निम्मा वास सांडपाण्याचा असतो, त्याचं श्रेय तिवरांना देऊ नका. पण स्वच्छ खाजणातही सडक्या अंड्याचा वास येतो आणि तो खरंच कामाचा आहे. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर. प्राणवायू संपल्यावर चिखलातले जीवाणू ते सल्फेट वापरतात, त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तोच हा वास. सल्फेटवाल्या जीवाणूंचं राज्य असलं की मिथेन तयार करणाऱ्यांना खायला फारसं उरत नाही. गोड्या पाण्याच्या दलदलीतून मिथेन बराच सुटतो, खाऱ्या दलदलीतून कमी, ते यामुळे. कोकणात मात्र पावसाळ्यात खाड्या गोड्या होतात. तेव्हा वर्षाच्या एकाच मोसमात मोजलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. टॅबलेटवाल्याला विचारा, मोजमाप कुठल्या महिन्यातलं आहे.

आगरी_बाना
मना हसू येतं. आमचे आजान त्या खारीन भात पिकवला, आमचे बापान बांध फुटताना बघला. तेव्हा एक सायेब आला नाय. आता तिवर उगवली तर सगले आले. खारीन पाय टाकला तरी कायदा सांगतान. आमचे जमिनीचा कार्बन, आन पैसे खानार पुन्यामुंबईवाले?

(आता शुद्धीत लिहितो.) अलिबाग-पेण भागात हजारो एकर अशी गेली आहेत. शेतकरी वर्षानुवर्षं मागतोय की खांडी बांधा, जमीन परत द्या. कांदळवन वाढलं म्हणून शहरात टाळ्या वाजतात. वाढलेल्या कांदळवनाखाली कुणाचं तरी शेत आहे हे पण लिहा कुठेतरी.

संकासूर
आगरी_बाना यांना +१००. आकडे बघा. वन सर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्राचं कांदळवन २०१३ ला १८६ चौ. किमी, २०१७ ला ३०४, २०२१ ला ३२४, आणि २०२३ च्या अहवालात ३१५. चार वर्षांत शंभरावर चौरस किलोमीटर कुठून आलं? थोडं उपग्रहाची नजर सुधारली म्हणून, थोडं खाड्या गाळाने भरल्या म्हणून, आणि थोडं आगरी_बानांच्या शेतातून.

माझा मूळ मुद्दा वेगळा. हे क्रेडिट घेतं कोण? विमान कंपन्या, तेल कंपन्या. धूर तिकडे सोडायचा, पापक्षालनाची पावती इकडून फाडायची. यात हवेतला कार्बन एक ग्रॅमने तरी कमी होतो का?

वकीलीण_बाई
कायद्याची बाजू, कारण धागा तिकडे जाणारच.

महाराष्ट्रात कांदळवन तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ सालचा अंतरिम आदेश आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम निकाल आला. कांदळवनाचा नाश हा घटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे असं न्यायालयाने म्हटलं, आणि भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकामाला मनाई केली. जमीन सरकारी की खासगी याने फरक पडत नाही. अगदी सार्वजनिक हिताच्या प्रकल्पालाही तोडायचं तर न्यायालयात जावं लागतं. बुलेट ट्रेनसाठी सुमारे २० हजार झाडं तोडायची परवानगी डिसेंबर २०२२ मध्ये अशीच मिळाली.

@खारेपाट, आता गंमत पुढे आहे. कार्बन क्रेडिटचा पाया असा की, 'हा प्रकल्प नसता तर हा कार्बन साठलाच नसता' हे सिद्ध करायचं. तुमचं कांदळवन आपोआप उगवलं आणि ते तोडायला कायद्याने आधीच बंदी आहे. मग 'आम्ही तोडत नाही, त्याचे पैसे द्या' हे कुठल्या तोंडाने म्हणणार? टॅबलेटवाल्याचा दावा पहिल्याच पायरीवर लटपटतो.

ठाणेकर_पूर्व
म्हणजे मी दारू पीतच नाही, तर न प्यायल्याचे पैसे मिळणार नाहीत. समजलं.

मोंबासाकर
बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी. मी नोकरीनिमित्त केनियात आहे. इथे मोंबासाच्या दक्षिणेला गाझी नावाची खाडी आहे. तिथला 'मिकोको पामोजा' हा प्रकल्प २०१३ पासून चालू आहे. कांदळवनाचे क्रेडिट विकून गावाला पैसे देणारा जगातला पहिला गावप्रकल्प म्हणून तो ओळखला जातो. ११७ हेक्टर कांदळवन, वर्षाला साधारण ३,००० टन कार्बन डायऑक्साइडचं क्रेडिट, आणि वर्षाकाठी बारा-पंधरा हजार डॉलरच्या आसपास उत्पन्न. पैसा कुणा एकाच्या खात्यात जात नाही. गाझी आणि माकोंगेनी गावांची समिती ठरवते. पाण्याचे नळ, शाळेची पुस्तकं, असं. मी जाऊन आलोय, नळाला पाणी येतं, एवढी साक्ष देतो.

आता यावरून त्रैराशिक मांडा. ११७ हेक्टरला ३,००० टन, म्हणजे हेक्टरी पंचवीसेक. तुमचे पाच एकर म्हणजे दोन हेक्टर, पन्नास टन. टनाला दहा डॉलर धरले तर पाचशे डॉलर. रुपयांत चाळीस-पंचेचाळीस हजार, वर्षाला, सगळ्या भावकीत मिळून. त्यातून मोजमाप करणारे, पडताळणी करणारे, नोंदणी, दलाल. पडताळणीला बाहेरून माणूस आला तर त्याच्या विमानभाड्यातच तुमचं वर्ष संपेल.

चिखलशास्त्री
त्रैराशिक उत्तम, पण हेक्टरी पंचवीस हा उदार आकडा आहे. गाझीच्या हिशेबात वृक्षतोड टळली ते आणि नवी लागवड असं दोन्ही धरलेलं आहे. नुसता चिखलात दर वर्षी नव्याने गाडला जाणारा कार्बन घेतला, तर जगभरची सरासरी हेक्टरी दोन टनांच्या आगेमागे येते. कार्बनचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करायला ३.६७ ने गुणा. सात-साडेसात टन. म्हणजे खारेपाट यांच्या दोन हेक्टरांवर पंधरा टन. पन्नास आणि पंधरा यांच्यात केवढं अंतर आहे ते बघा. टॅबलेटवर कुठला आकडा होता?

खारेपाट
टॅबलेटवर हेक्टरी हजार टन असा आकडा होता. :(

चिखलशास्त्री
अरे देवा. तो शेकडो वर्षांचा साठा आहे हो, वर्षाची भर नव्हे. आणि तो तोडला जाणार होता आणि आता वाचला, असं दाखवलं तरच तो हिशेबात येतो. बाईंनी वर सांगितलंच आहे की ते दाखवता येणार नाही.

मालवणी_माज
तुमचा ह्या कांदळाचा झाला. समुद्रातल्या गवताचा काय? वाचलंय की ता जंगलापेक्षा जास्त कार्बन धरता. आमच्या किनाऱ्यार खडकार लय शेवाळ असता, ताच काय?

डुबकी
नाही, ते वेगळं. खडकावरचं सरगॅसम वगैरे म्हणजे शैवाल. त्याला खरी मुळं नसतात, ते खडकाला चिकटून असतं, त्याच्याखाली चिखल साठत नाही. समुद्रगवत ही फुलं येणारी वनस्पती आहे. मुळं, खोड, बिया, सगळं पाण्याखाली. पानांमुळे पाण्याचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो, मुळं तो धरून ठेवतात. समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कितीतरी कमी जागेत ते आहे, पण समुद्रात दरवर्षी गाडल्या जाणाऱ्या कार्बनच्या दहा टक्क्यांच्या आसपास वाटा त्याचा धरतात. या दहा टक्क्यांवर वाद आहेत.

आपल्याकडे महाराष्ट्रात ते जवळपास नाहीच. चिखलाळ खाड्यांत नखाएवढ्या पानांची हॅलोफिला बेकारी सापडते, पण गालिचे नाहीत. पाणी फार गढूळ, ऊन तळापर्यंत पोचत नाही. खरी कुरणं तामिळनाडूत पाल्कची सामुद्रधुनी आणि मन्नारचं आखात, शिवाय लक्षद्वीप, अंदमान आणि कच्छचं आखात. पाल्कमध्ये तामिळनाडूने २०२२ साली ४४८ चौ. किमीचं डुगाँग संवर्धन क्षेत्र जाहीर केलं. डुगाँग म्हणजे समुद्रगाय, ती हे गवतच खाते.

लक्षद्वीपची गोष्ट ऐका. अगत्तीच्या लगूनमध्ये गवताची दाट कुरणं होती. हिरव्या कासवांना संरक्षण मिळालं, त्यांची गर्दी झाली, आणि त्यांनी कुरण मुळापर्यंत खाल्लं. गवत गेलं तसे त्यात वाढणारे मासे गेले. कोळी म्हणायला लागले, कासवांनी आमचे मासे पळवले. त्या कुरणात काही उरलं नाही तशी कासवं दुसऱ्या बेटांच्या लगूनकडे वळली आणि तिथेही तेच. आता सांगा, कार्बनवाले कुणाच्या बाजूने? गवताच्या की कासवाच्या? दोघंही संरक्षित.

संकासूर
कासवाच्या. ते निदान संमतिपत्र मागत नाही.

पर्थवासी
डुबकी यांच्या पोस्टला पुढे नेतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात शार्क बे आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या समुद्रगवत कुरणांपैकी एक. २०१०-११ च्या उन्हाळ्यात समुद्रात उष्णतेची लाट आली. तापमान दोन-चार अंशांनी चढलेलं आठवडेच्या आठवडे टिकलं. सुमारे एक हजार चौरस किलोमीटर गवताला फटका बसला. नंतरच्या तीन वर्षांत तिथल्या गाळातून २० ते ९० लाख टन कार्बन डायऑक्साइड सुटला असावा असा अंदाज २०१८ मध्ये आला. कुणी तोडलं नाही, कुणी बांध घातला नाही. नुसतं पाणी तापलं.

तर 'एकदा साठला की कायमचा' असं कुणी सांगत असेल तर त्याला शार्क बे दाखवा.

उलटी बाजूही आहे. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरचं गवत १९३० च्या दशकात रोगाने आणि १९३३ च्या वादळाने पार साफ झालं होतं. सत्तर वर्षं तळ उघडा. १९९९ पासून तिथे शास्त्रज्ञ आणि स्वयंसेवकांनी बिया गोळा करून पेरल्या, सात कोटींहून अधिक. आज तिथे साडेतीन हजार हेक्टरांवर कुरण आहे. बरंचसं आपोआप पसरलं. कालवांसारखे बे स्कॅलप गायब झाले होते, तेही परत आणून सोडलेत. इथे 'प्रकल्प नसता तर झालंच नसतं' हे बिनदिक्कत म्हणता येतं.

व्यवस्थापक
लक्षद्वीप, ऑस्ट्रेलिया, अमेरिका फिरून झालं असेल तर धागा रायगडात परत आणावा ही विनंती. पान चार वरचे दारूबंदीविषयक सहा प्रतिसाद उडवले आहेत.

ठाणेकर_पूर्व
माझे क्रेडिट गेले.

मानशेकार
गोंयांतल्यान. आमची खाजनं ती अशीच. बांध, आणि त्याला लाकडी दारांची मानस. ओहोटीला पाणी बाहेर, भरतीला दार बंद. पावसाळ्यात कोरगुट भात, नंतर मानशीवर मासळी. कोमुनिदादी (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्था) असेपर्यंत बांधाची जबाबदारी ठरलेली होती. ती व्यवस्था ढिली पडली, बांध फुटले, आणि शेतांत कांदळ आला. आला की तोडता येत नाही. म्हणजे खारेपाट यांच्याच घरची गोष्ट, फक्त मासळीची नावं वेगळी.

मला वाटतं कार्बनवाल्यांचा हिशेब इथेच एकांगी होतो. चांगलं खाजन म्हणजे बांधाच्या बाहेरच्या अंगाला कांदळाचा पट्टा, आणि आत भात. तो पट्टा लाटा अडवतो म्हणून बांध टिकतो. म्हाताऱ्यांना ते कळत होतं, ते बांधासमोरची झाडं मारत नसत. पूर्ण शेत की पूर्ण कांदळवन असं दोनच पर्याय आहेत, हे ऑफिसात बसून ठरवलेलं दिसतं.

आगरी_बाना
मानशेकार, आमच्याकडे पण असंच होतं. बांधाबाहेर तिवर ठेवायची, तोडली तर गाव ओरडायचं. जळणाला सुकलेली तेवढी.

आणि ती निवट्यांची मजा! पहिल्या पावसात खाजणात निवट्या, चिंबोऱ्या. जिताडा आत यायचा तो वेगळाच. तुम्ही हेक्टरी किती टन ते मोजा, मी हेक्टरी किती चिंबोऱ्या ते सांगतो. चार घरांचं कालवण निघतं, पडताळणीला कुणी येत नाही.

पावसाळी_भजी
निवट्यांची पाककृती वेगळ्या धाग्यावर टाका ना प्लीज. इथे चिखलशास्त्री ताई चिडतील.

चिखलशास्त्री
छे, मीच नमुने काढताना त्याच खाल्ल्यात. ज्या घरी उतरायचो तिथली काकू रोज विचारायची, 'चिखल नेऊन करतेस काय गो?' एक मीटर लांबीची अर्धी उघडी पोलादी नळी चिखलात दाबायची, फिरवून वर काढायची, थरांचे तुकडे करायचे, पिशव्यांत भरायचे, वाळवून भट्टीत जाळायचे, वजनातला फरक बघायचा. गावाला वाटायचं आम्ही तेल शोधतोय.

आगरी_बाना यांचा मुद्दा मला गंभीरपणे पटतो. कार्बनच्या मागे लागून वाट्टेल तिथे लागवड करण्याचा एक रोग आहे. श्रीलंकेत २००४ च्या त्सुनामीनंतर हजारेक हेक्टरांवर कांदळाची रोपं लावली, नीट जगली ती दोनशेच्या आसपास हेक्टरांवर. भरतीची पातळी, पाण्याचा खारेपणा, गुरं, काही न बघता शेंगा खोचत सुटले होते. आणि उघड्या दलदलीवर लागवड केली तर तिसऱ्या काढणाऱ्या बायका जाणार कुठे? रोहित पक्षी उतरणार कुठे? पाणी आत-बाहेर खेळायची वाट मोकळी केली, की बी आपोआप येतं. खारेपाट यांच्या शेतात कुणी लावलं होतं?

खारेपाट
कुणीच नाही. खांडीतून आलं.

सगळ्यांचे आभार. काल त्या गृहस्थांकडून कराराचा मसुदा मागवला. बाई, वाचून सांगाल का? मोजकं लिहितो. मुदत चाळीस वर्षं. 'जमिनीवरील व जमिनीखालील सर्व पर्यावरणीय सेवांचे हक्क' कंपनीकडे. आमचा वाटा 'निव्वळ नफ्याच्या' चाळीस टक्के. मुदतीत जमिनीत 'कोणताही हस्तक्षेप' करायचा नाही. आणि एकाच्या नावे कुलमुखत्यारपत्र.

वकीलीण_बाई
पूर्ण मसुदा वाचल्याशिवाय सल्ला म्हणून धरू नका, पण या चार ओळींतच पुरेसं आहे.

'निव्वळ नफा' म्हणजे सगळे खर्च वजा जाता. खर्च किती हे ठरवणार कंपनी. त्याचे चाळीस टक्के शून्यही असू शकतात. हिस्सा मागायचाच तर विक्रीच्या एकूण रकमेवर मागा आणि हिशेब तपासायचा हक्क लिहून घ्या. 'सर्व पर्यावरणीय सेवा' यात उद्या मासे, चिंबोऱ्या, पर्यटन, काहीही बसेल. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका कांदळवन सफर चालवतात. तुमच्या गावात कुणाला तसं करायचं झालं तर या एका शब्दाने अडेल. 'कोणताही हस्तक्षेप नाही' म्हणजे शेजारच्या शेतासाठी बांधाची खांड बुजवायची झाली तरी कंपनीला विचारा. कुलमुखत्यारपत्र तर देऊच नका.

आणि चाळीस वर्षांत वादळाने किंवा पाणी चढून झाडं मेली, तर विकून झालेल्या क्रेडिटची भरपाई कोण करणार? तो मुद्दा मसुद्यात आहे का ते आधी बघा.

मोंबासाकर
एक भर. क्रेडिटची नोंदणी कुठल्या संस्थेकडे करणार, कुठली पद्धत वापरणार, हे लेखी मागा. व्हेरा या क्रेडिट नोंदवणाऱ्या संस्थेची किनारी दलदल आणि समुद्रगवत पुनरुज्जीवनासाठी वेगळी पद्धत आहे, व्हीएम ००३३. सिंधूच्या मुखाशी पाकिस्तानचा साडेतीन लाख हेक्टरांचा प्रकल्प व्हेराकडे नोंदलेला आहे. साडेतीन लाख हेक्टर! मोठ्यांचा हा खेळ आहे. पाच एकरवाला एकटा त्यात टिकणार नाही. सगळी खाडी एकत्र आली, ग्रामपंचायत आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष सोबत असला, तर बोलण्यात अर्थ. तेव्हाही पैसा गाझीसारखा, नळापुरता.

संकासूर
मग माझ्या प्रश्नाचं काय? विमानवाले सुटणार ना?

चिखलशास्त्री
@संकासूर, तुम्ही बरोबर आहात आणि तरी पूर्ण नाही. जमिनीखालून काढलेलं तेल जाळून सोडलेला कार्बन चिखलात परत घालणं ही बरोबरी होत नाही. चिखलातला केव्हाही सुटू शकतो, पर्थवासी यांनी दाखवलंच. जगातलं सगळं कांदळवन आणि समुद्रगवत उत्तम राखलं तरी ते जगाच्या उत्सर्जनाच्या काही टक्क्यांपलीकडे पोचणार नाही. त्यामुळे पापक्षालनाची पावती म्हणून त्याची विक्री मलाही नको वाटते. पण आहे तो साठा उघडा पडू देऊ नये, याला क्रेडिटची गरज नाही. त्याला कायदा आहे, आणि हवा आहे तो जमीन गेलेल्याला मोबदला. केंद्राने २०२३ मध्ये कांदळवन लागवडीची मिष्टी योजना आणली, किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून सुमारे ५४० चौ. किमीचं लक्ष्य. त्यात ज्याच्या सातबाऱ्यावर कांदळ उगवलं त्याला वर्षाला काही द्या, असं कुणी म्हणत असेल तर मी सही करते.

आगरी_बाना
पहिल्यांदा कुणीतरी शास्त्रवाल्याने मोबदला हा शब्द काढला. ताई, पुढच्या पावसात निवट्या आमच्याकडे.

पावसाळी_भजी
आमच्या काकाने सही केलेल्या कागदात काय आहे ते आता बघावं लागणार. :((

वकीलीण_बाई
@पावसाळी_भजी, बघाच. सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या नसतील तर त्या कागदाचं वजन एकट्या काकांच्या हिश्श्यापुरतं. @खारेपाट, तुमच्या सातबाऱ्यावर नावं किती आहेत? आणि ते क्षेत्र पोटखराब्यात (लागवडीला निकामी म्हणून) गेलंय का?

खारेपाट
नावं सत्तावीस. त्यातली नऊ वारलेली. पोटखराबा अर्धा दिसतोय, उरलेल्यावर अजून भात असं लिहिलंय.

ठाणेकर_पूर्व
नऊ मयतांचा कार्बन आधीच जमा आहे म्हणायचा.

वकीलीण_बाई
मग कार्बन बाजूला ठेवा आणि आधी वारस नोंदी करून घ्या. मृत्यूचे दाखले काढा, तलाठ्याकडे अर्ज द्या, फेरफार झाला की पीकपाहणी दुरुस्त करायला सांगा. जिथे भात नाही तिथे भात दिसत राहिलं, तर उद्या मोबदला जाहीर झाला तरी तुमचं खाजण यादीतच येणार नाही. मसुद्याची प्रत मला व्यनि (खासगी निरोप) करा, शनिवारी बघते.

खारेपाट
व्यनि केलाय. धाकट्या काकाला दाखले गोळा करायच्या कामाला लावलंय, पेन त्याच्याकडे होतंच.